एकने संपणारे विषय

"खांबेकर, तर्कशास्त्र घेतलंस ते समजलं. तत्त्वज्ञान कशाला घेतलंस?"

गवांदे सरांनी माझा अर्ज टेबलावर फिरवून माझ्यासमोर ठेवला. अकरावीच्या प्रवेशाचं काम त्या वर्षी त्यांच्याकडे होतं. मागच्या खिडकीच्या गजांना धरून पालक उभे होते, कारण व्हरांड्यातल्या रांगेपेक्षा आतलं बोलणं त्यांना जास्त कामाचं वाटत होतं.

"शेवटी एक होता, सर."

"कशाच्या शेवटी?"

"कोडच्या."

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "आणि इतिहास?"

"त्याच्याही शेवटी एक आहे."

"अर्थशास्त्र?"

मी मान हलवली.

"म्हणजे तू विषय घेतलेच नाहीस. नुसते एक गोळा करत गेलीस." त्यांनी माझी गुणपत्रिका वर काढली. "विज्ञानाला वर्गात पहिली आलेली मुलगी कला शाखेचा अर्ज भरते, आणि त्यातही असा. घरचं कोण आलंय?"

"आत्या आलीय. बाहेर आहे."

"बोलाव."

बोलवायची गरज नव्हती. आत्याचा आवाज व्हरांड्याच्या त्या टोकाहून येतच होता. माझी शरयूआत्या गावात शरयूताई कीर्तनकार म्हणून ओळखली जाई. ती जिथे उभी राही तिथे पाच मिनिटांत माणसं जमत आणि ती त्यांना काहीतरी सांगत असे. आई गेल्यावर वडिलांनी मला तिच्याकडे आणून ठेवलं. ते साखर कारखान्यात होते, तिकडे एकटेच राहत. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तिच्या वडिलांनी तिला रडत बसू न देता नारदांच्या गादीवर उभं केलेलं. मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तिच्या मागे पेटीवर बसत होते.

हे सांगितल्याशिवाय माझे ते एक कळायचे नाहीत.

त्या वर्षी संस्थेने पहिल्यांदा अर्ज कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरवले. कॉम्प्युटर आमच्या गावात नव्हता, कुठेतरी मोठ्या गावी होता, पण त्याचा धाक इथवर पोचला होता. अर्जात विषयाचं नाव लिहायचं नाही, चार चौकोनांत चार आकडे लिहायचे. आकड्यांची यादी छापून दिली, आकड्यांचा अर्थ मात्र कुणी छापला नाही. एका पालकांना ते भाव वाटले. जीवशास्त्राचा ३६१२ बघून ते म्हणाले, एवढं महाग शिक्षण आम्हाला झेपायचं नाही, पोरीला इंग्रजीच पुष्कळ.

मी ती यादी घेऊन देवघरासमोर बसले आणि माझ्या मते मला ती उलगडली. प्रत्येक कोडच्या शेवटी एक तरी होता नाहीतर दोन तरी. ज्या विषयांना प्रॅक्टिकल असतं, भौतिक, रसायन, जीव, भूगोल, त्यांच्या शेवटी दोन. आणि प्रॅक्टिकलं दुपारी असतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग एक म्हणजे मधल्या सुट्टीच्या आधीचे तास आणि दोन म्हणजे नंतरचे, दुसरं काय असणार? आमच्या घरात तर सगळंच दोन भागांत होई. आधी पूर्वरंग, मग कीर्तनकाराच्या गळ्यात हार, सगळ्यांना बुक्का, आणि मग उत्तररंग. मला ते इतकं सरळ वाटलं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

मला दुपार मोकळी हवी होती. चातुर्मास तोंडावर आला होता आणि राममंदिरात रोज चार वाजता आत्याचं कीर्तन लागणार होतं. दुसरा पेटीवाला मिळाला नसता असं नाही. पण गेल्या थंडीपासून आत्याचा दम पुरेनासा झाला होता. लांब ओळ घेतली की शेवटच्या दोन-तीन अक्षरांपाशी आवाज विरे. मी ते आधी ओळखून तोच सूर भात्यावर भरून धरत असे, आणि ऐकणाऱ्यांना वाटे ताईंनीच ओळ लांबवली. कुठे धरायचा आणि किती, हे परक्या माणसाला सांगून कळणारं नव्हतं. आणि आत्याला स्वतःलाही ते कळलेलं नसावं, अशी माझी समजूत होती. म्हणून मी यादीतले एक तेवढे टिपले आणि अर्ज भरून टाकला.

आत्या आत आली. सर उठून उभे राहिले.

"बसा, ताई. आमची आई तुमचं एकही कीर्तन चुकवत नाही."

"तुम्ही मात्र सगळी चुकवता," आत्या म्हणाली आणि बसली. "काय केलं आमच्या पोरीने?"

"कॉम्प्युटर हिचा अर्ज परत पाठवेल. समजावून सांगतो." सरांनी कोऱ्या कागदावर मोठे चार आकडे काढले, १३२१. "हा तर्कशास्त्राचा. पहिला आकडा शाखेचा. एक म्हणजे कला, दोन वाणिज्य, तीन विज्ञान. भाषा सगळ्यांनाच असतात, म्हणून त्यांचा पहिला आकडा शून्य. दुसरा आकडा गटाचा. एका गटातून एकच विषय घेता येतो. तिसरा, त्या गटातला कितवा विषय. आणि चौथा..."

"थांबा हं सर. मला आधी माझ्या भाषेत म्हणू दे, नाहीतर माझ्या डोक्यात राहायचं नाही." आत्याने कागद स्वतःकडे ओढला. "पहिला आकडा म्हणजे देऊळ कुठलं."

"बरं."

"दुसरा, पंगत कितवी. एका माणसाने एका पंगतीला एकदाच बसायचं."

"अगदी."

"तिसरा, त्या पंगतीतलं पान कुठलं. आता चौथा सांगा."

"चौथा एक असेल तर नुसता लेखी पेपर. दोन असेल तर लेखी आणि शिवाय प्रॅक्टिकल."

"म्हणजे एक असला की ऐकायचं आणि सांगायचं. दोन असला की हातानेही करायचं."

"हे मी उद्यापासून असंच सांगणार," सर म्हणाले.

खिडकीतून एक फेटेवाले काका म्हणाले, "ताई, पुन्हा एकदा होऊ द्या, मोठ्यानं. मागच्यांना गेलं नाही."

आत्याला एवढं पुरे होतं. ती खुर्चीतून उठली, खिडकीकडे तोंड केलं आणि देऊळ, पंगत, पान सगळं पुन्हा सांगितलं, हातवाऱ्यांसकट. गज धरलेल्यांच्या माना हलू लागल्या. आपापल्या घड्या केलेल्या याद्या बाहेर निघाल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, "आपलं शून्यवालं देऊळ सगळ्यांनाच असतं बघ, तीर्थासारखं."

"आता आमच्या वैजूचं पाहू," आत्या म्हणाली आणि माझा अर्ज हातात घेतला. "तर्कशास्त्र, तेरा एकवीस. तत्त्वज्ञान, तेरा एकतीस. दोन्हीकडे देऊळ एक, पंगत तिसरी." ती माझ्याकडे वळली. "अगं, एकाच पंगतीत दोन पानं मांडून बसलीस की तू. एवढी भूक लागली होती होय?"

खिडकी हसली. सरही हसले. मीही हसले असते, पण काकांनी पुढचा प्रश्न विचारला.

"आणि ताई, तास किती वाजता, ते कुठल्या आकड्यात?"

आत्याने सरांकडे पाहिलं.

"वेळ कोडात नाही," सर म्हणाले. "कोड म्हणजे विषयाचा पत्ता. वेळापत्रक दरवर्षी वेगळं लागतं. यंदा खोल्या कमी आहेत, म्हणून कला शाखा दुपारी भरेल, बारा ते पाच. विज्ञानाचे तास सकाळी, आणि प्रॅक्टिकल दुपारी, आठवड्यातून चारदा."

कला शाखा दुपारी, म्हणजे माझं चारचं कीर्तन गेलं. ते तोंडावर दिसलं असणार, कारण आत्याचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने अर्ज पुन्हा पाहिला. या वेळी तिचं बोट फक्त उजव्या बाजूच्या चौकोनांवरून खाली गेलं.

"सगळीकडे शेवटी एक," ती हळू म्हणाली. "तुला काय वाटलं होतं, एक म्हणजे काय?"

"मधल्या सुट्टीच्या आधीचे."

"पूर्वरंग."

"हो."

"आणि दोन म्हणजे उत्तररंग."



"हे काय आहे, ताई?" सरांनी विचारलं.

"आम्हा लोकांना सगळं दोन भागांत दिसतं, सर. मध्ये हार पडतो." आत्याने अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. "दुरुस्तीला वेळ आहे ना?"

"उद्या दुपारपर्यंत. नंतर गठ्ठा जाईल."

आम्ही बाहेर पडलो. रांगेतली माणसं आत्याला वाट देत होती, एकदोघांनी नमस्कार केला. तिने तो घेतला. बाजारपेठ ओलांडेपर्यंत ती माझ्या पुढेच चालत राहिली.

शेवटी मीच म्हणाले, "मी विचार केलाय. कॉलेजात जायलाच नको. सतरा नंबरचा फॉर्म भरते. घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देता येते."

"सतरा नंबरने जीवशास्त्र देता येतं?"

"नाही. प्रॅक्टिकल असतं ना." आणि मग मला कळलं. "जीवशास्त्र कुठून आलं मध्येच?"

"सबंध यादीत तू एका विषयाखाली पेन्सिलीने रेघ मारून पुसलीयस. मी आंधळी नाही." ती फुलवाल्यापाशी थांबली, तुळशीचा हार घेतला, पानात बांधून घेतला. "काय असतं त्यात?"

"काही नाही."

"वैजू, देवळाच्या वाटेवर आहोत आपण."

मग मी सांगितलं. शाळेत बाईंनी एकदा कांद्याचा पापुद्रा काढून काचेवर ठेवला होता आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवला होता. प्रत्येकीला एकदाच पाहायला मिळालं. मी तीनदा रांगेत उभी राहिले. कुणीतरी सारख्या विटा रचाव्यात तसा तो पापुद्रा दिसत होता, आणि प्रत्येक विटेत एक ठिपका, जणू घराघरात दिवा लावून ठेवलेला.

आत्या रस्त्यात उभी राहून ऐकत होती. सायकली घंट्या वाजवत बाजूने जात होत्या.

"इतकी वर्षं कांदे चिरतेय," ती म्हणाली. "आणि माझ्या नजरेला पडलं नाही."

चार वाजता कीर्तनाला सुरुवात झाली. ती अजून चातुर्मासाच्या आधीची, एकादशीची सेवा होती. सभामंडप निम्म्याहून जास्त भरला होता. तबल्यावर भिकूअण्णा होते. त्यांचं शिंप्याचं दुकान देवळासमोरच, आणि ते मशीन बंद करून सरळ तबल्यावर येत, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर नेहमी एखादा दोरा असे.

पूर्वरंग छान झाला. नमन, मुख्य अभंग, निरूपण. आत्याने दोनदा लांब ओळ घेतली आणि दोन्हीदा मी शेवट धरला. देवाच्या दयेने माझी बोटं तिच्या दमाच्या नेमकी मागोमाग चालत. मला वाटलं, आत्या विसरली कॉलेजातलं. देवळात आली की ती घरचं विसरते.

मग पुजाऱ्यांनी तिच्या गळ्यात हार घातला. बुक्क्याचं तबक फिरलं. अण्णांच्या आणि माझ्या कपाळाला बुक्का लागला. आत्या वाकून हार सारखा करत माझ्याजवळ आली.

"पेटी मीट."

मला वाटलं पट्टी बदलायची आहे. "चढवायची?"

"मीट म्हणते ना. भाता लाव, झाकण घाल. आणि इथेच बस, उठू नकोस."

मी पेटी मिटली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आत्या गादीवर गेली, झांज हातात घेतली आणि उत्तररंग सुरू केला.

आख्यान होतं ते पुरात अडकलेल्या एका भाविक बाईचं. माहेरी देवाचा उत्सव, वाटेत नदी, आणि नावाडी म्हणतो आज नाव सोडत नाही. आत्या हे आख्यान सांगू लागली की नदी देवळात येई. त्या दिवशी आली नाही. गद्य बोलताना ठीक होतं. पण पहिलंच पद लागलं आणि तिची पट्टी घसरली, कारण धरायला मागे सूरच नव्हता. दुसऱ्या ओळीला दम शेवटपर्यंत पोचला नाही. शेवटची अक्षरं नुसती तोंडाने दिसली, ऐकू आली नाहीत. माझी बोटं बंद झाकणावर आपोआप दाबली गेली. झाकण लाकडाचं, ते काय बोलणार.

पुढे बसलेल्या एका काकूंनी मोठ्याने विचारलं, "ताई, पेटी बिघडली का हो?"

"नाही काकू," आत्या गादीवरून म्हणाली. "पेटी कॉलेजात चाललीय."

मंडप हसला. मला मात्र जमिनीत जावंसं वाटलं. आत्याने दम घेतला आणि नदीपाशी परत गेली. पुन्हा फाटला आवाज. पुन्हा. एकदोन माणसं चपला शोधत बाहेर गेली, ते तिलाही दिसलं असणार. पण तिने आख्यान अर्ध्यात गुंडाळलं नाही. बाईला नदीपार नेलं, देवापुढे उभं केलं, आरती केली, आणि मगच झांज खाली ठेवली.

देऊळ रिकामं झाल्यावर आम्ही तिघंच उरलो. अण्णा तबल्यावर गवसणी चढवत होते.

"ताई, आज तीनदा सम चुकली."

"चारदा. एक तुमच्या लक्षात आली नाही."

"आली होती. म्हटलं, कशाला सांगा." त्यांनी गवसणीची नाडी ओढली आणि शहाण्या माणसासारखे घरी गेले.

मी सतरंजी गुंडाळायला घेतली होती, ती तशीच टाकून दिली. "हे काय केलंस तू? लोक काय म्हणत असतील?"

"ऐकलं मी काय म्हणत होते ते."

"आता असं रोज करणार?"

"रोज."

"मग लोक यायचे बंद होतील, आत्या."

"होतील काही." ती खांबाला टेकून खाली बसली. तिचा श्वास अजून खाली आला नव्हता. "ये, बस इथे. रडतेस कशाला? रडायचं तर मी, चारदा चुकून."

मी बसले.

"तू गेल्या थंडीपासून माझा शेवट धरतेस."

मी एकदम वर पाहिलं.

"तुला वाटलं, मला कळत नाही? अगं, माझ्याच तोंडातला सूर संपल्यावर तो मागून चालू राहतो, आणि मला कळणार नाही? पहिल्यांदा कळलं तेव्हा मला भरून आलं. म्हटलं, देवानेच पोर धाडली. मग सवय झाली. मग मी ओळ तिथवर न्यायचंच सोडलं. वैजू आहे, ती नेईल. आज पेटी मिटली तेव्हा मला दिसलं, मी किती मागे राहिलेय."

"मग मी आहे ना. मी धरते. मला जड नाही ते."

"मला माहीत आहे जड नाही. म्हणून तर मी इतके दिवस गप्प बसले. स्वार्थ होता माझा." तिने पिशवीतून यादी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तो जीवशास्त्राचा आकडा वाच."

"नको."

"वाच गं."

"तीन, सहा, एक, दोन."

"तीन, म्हणजे देऊळ वेगळं. असू दे. सहावी पंगत, पान पहिलं, आणि शेवटी दोन." तिने माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला. बोटांची टोकं पेटीने कडक झालेली होती. "आपल्या घरात सगळ्यांनी तोंडाने सांगितलं. माझ्या वडिलांनी, त्यांच्या वडिलांनी, मी. देव घराघरात आहे, कणाकणात आहे, असं सांगत आलो. कुणी काचेखाली धरून बघितलं नाही. तू बघून ये. मला येऊन सांग काय दिसतं ते."

"आणि तुझा दम?"

"तो माझा आहे. त्याचं मी बघेन."

"निदान प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी तरी येते पेटीवर."

"अजिबात नाही. अर्धी सवय सुटत नाही. चातुर्मास संपेपर्यंत तू माझ्यामागे बसायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच कॉलेजात गेले. गवांदे सरांनी नवा अर्ज दिला आणि मी भरत असताना चौकोनांवर लक्ष ठेवून बसले.

"या वेळी शेवटी बरेच दोन दिसतायत."

"हो सर."

"दोन म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"हाताने करायचं."

त्यांनी शिक्का मारला. पुढे मी स्वतः अशाच एका कॉलेजात कांद्याचे पापुद्रे काढून दाखवत निवृत्त झाले, आणि दर जूनमध्ये नव्या मुलींना कोड समजावताना देऊळ-पंगत-पान असंच सांगत राहिले. कॉम्प्युटर बदलले, आकडे चाराचे सहा झाले, पण पंगत म्हटलं की मुलींना लगेच समजे.

त्या चातुर्मासात मी आत्याचं कीर्तन ऐकलं नाही. दुपारी प्रयोगशाळेत असे, आणि नसे तेव्हाही घरात बसे, कारण तिने शपथ घातली होती. कीर्तन आटोपल्यावर मी सतरंज्या आवरायला जाई. कसं झालं, असं विचारलं की ती म्हणे, झालं. अण्णांना विचारलं की ते म्हणत, ताईंनाच विचार. मग ती मला विचारे, आज काय पाहिलंस, आणि मी पानाची शिर, बेडकाचं काळीज, पावाची बुरशी असं काहीबाही सांगे. ती ते सगळं बारकाईने विचारून घेई.

भाद्रपदात एका दुपारी आमचं प्रॅक्टिकल झालंच नाही. लागणारं सामान आलं नव्हतं, बाईंनी लवकर सोडलं. घरी जायचं ते पाय देवळाकडे वळले. मागे बसायचं नाही, एवढीच शपथ होती. समोर बसू नये असं कुणी म्हटलं नव्हतं.

मंडप भरलेला होता. मी बायकांच्या अगदी शेवटच्या ओळीत, चपलांजवळ जागा करून बसले. हार पडून गेला होता, आख्यान चालू होतं, तेच, नदीचं.

बसल्यावर माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी आत्याचं कीर्तन समोरून कधी पाहिलंच नव्हतं. मला माहीत होती ती तिची पाठ. मानेवरचा अंबाडा, डाव्या खांद्यावर चढणारा पदर, ओळ संपताना आखडणाऱ्या बरगड्या. मी त्या पाठीवरून तिचा दम वाचत असे. तोंड कसं असतं, ते मला ठाऊक नव्हतं.

पेटी नव्हती. नुसता अण्णांचा तबला आणि तिची झांज. तिने नदीकाठचं पद घेतलं, पट्टी जरा उतरवून, पण पक्की. आणि मग ती लांब ओळ आली. मी गुडघे घट्ट धरले. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि जिथे दम सुटतो त्या जागेच्या दोन पावलं अलीकडे आत्या थांबली. मुद्दाम. झांजेचा हात वर केला आणि मंडपाकडे पसरला.

ओळीचा उरलेला शेवट लोकांनी घेतला. पुढच्या काकूंनी, खांबाजवळच्या म्हाताऱ्यांनी, दारातल्या फुलवाल्याने, सगळ्या देवळाने. कुणी सुरात होतं, कुणी नव्हतं. रोजची सवय असल्यासारखे ते त्या जागी आले आणि सूर धरून राहिले. माझंही तोंड उघडलेलं होतं, ते मला नंतर कळलं. मी किती धरायचा तो अंदाज बोटांनी नव्हे, गळ्याने घेत होते.

तेवढ्या वेळात आत्या गादीवर नुसती उभी होती. डोळे मिटलेले, छाती सावकाश वर-खाली होत होती. आणि ती ऐकत होती. बोलणारी, सांगणारी, गाणारी आत्या मी रोज पाहिली होती. गादीवर उभी राहून ऐकणारी पहिल्यांदाच पाहत होते. एखादीच्या तापलेल्या कपाळावर गार हात ठेवल्यावर होतं, तसं तिचं तोंड झालं होतं.

सूर निवला. तिने भरपूर श्वास घेतला, डोळे उघडले, आणि बाईला नावेत बसवलं.